दोष दरांचा, शिक्षा आकड्यांना

२१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेची ५५वी बैठक झाली आणि पॉपकॉर्नवरच्या कराचा खुलासा बाहेर आला. मीठमसाला लावलेलं सुटं पॉपकॉर्न ५ टक्के, तेच पाकीटबंद आणि लेबल लावलेलं १२ टक्के, आणि साखरेच्या पाकातलं कॅरमेल पॉपकॉर्न १८ टक्के. पुढचे कित्येक दिवस देशभर त्यावर विनोद झाले. विनोद विरले, पण त्यांच्यामागून आलेलं एक मत मात्र पक्कं होऊन बसलं. ते व्यापाऱ्यांच्या बैठकांत ऐकू येतं, अग्रलेखांत वाचायला मिळतं. मत असं, की मालाला आकडी संकेतांक देण्याची ही सगळी पद्धत म्हणजे सरकारी बाबूंनी मांडलेला पसारा आहे. मक्याच्या एका दाण्याचे तीन प्रकार करणारी यंत्रणा मोडीत काढावी, सगळ्यावर एकच कर लावावा आणि तो ‘एचएसएन कोड’ काय असेल तो संगणकाला शोधू द्यावा.

हे मत चुकीचं आहे. त्याने राग भलतीकडे वळतो आणि ज्यांच्याकडे जाब मागायला हवा ते मोकळे सुटतात. नुकसान होतं ते श्रीवर्धनच्या सुपारीवाल्याचं, आजऱ्याच्या भातशेतकऱ्याचं आणि चाकणच्या छोट्या कारखानदाराचं, ज्यांच्या पोटापाण्याचा या आकड्यांशी थेट संबंध आहे आणि ज्यांना तो कुणी समजावून सांगितलेला नाही.

आधी पॉपकॉर्नचाच निकाल लावू. भारताच्या सीमाशुल्क दरसूचीत २१व्या प्रकरणाला एक पूरक टीप जोडलेली आहे. मिठाई आणि नमकीन, मग ते कशापासूनही बनलेलं असो, २१०६ ९० ९९ या आकड्याखाली धरावं असं ती सांगते. चिवडा, फरसाण, भुजिया हे सगळं तिथेच जातं आणि मीठमसाल्याचं पॉपकॉर्नही तिथेच गेलं. साखरेच्या पाकात घोळलेल्या पॉपकॉर्नचं मूळ स्वरूप साखरेच्या गोळीचं होतं, म्हणून ते १७०४ ९० ९० मध्ये गेलं. या निर्णयाशी वाद घालता येतो. धान्य फुलवून किंवा भाजून केलेल्या खाद्यपदार्थांसाठी १९०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे आणि मक्याची लाही तिथे का नको, हा गंभीर प्रश्न आहे. पण लोक ज्यावर हसत होते त्यातला महत्त्वाचा भाग संकेतांकात नव्हताच. ५ टक्के आणि १२ टक्के या दोन्ही दरांचं पॉपकॉर्न एकाच आकड्याखाली होतं! सुटं की पाकीटबंद हा भेद वर्गीकरणाने केलेला नाही. तो जीएसटीच्या दरांच्या अधिसूचनेने केला, म्हणजे दर ठरवणाऱ्या परिषदेने, म्हणजेच केंद्र आणि राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी.

याचा पुरावा नऊ महिन्यांतच मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. नमकीन आणि साखरेची गोळी दोन्ही ५ टक्क्यांवर आली आणि पॉपकॉर्नचा वाद संपला. त्यासाठी दरसूचीतला एकही अंक बदलावा लागला नाही. पराठ्याचं तेच झालं. जून २०२० मध्ये कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने पराठा म्हणजे रोटी नव्हे असं सांगून त्यावर १८ टक्के कर धरला, तेव्हा वर्गीकरणाच्या नावाने खडे फोडले गेले. पण रोटी, चपाती, खाकरा एवढीच नावं घेऊन त्यांना स्वस्त दर देणारी ओळ करअधिसूचनेत होती आणि पराठ्याचं नाव तिच्यात लिहायचं राहिलं होतं. २०२५ मध्ये ते लिहिलं गेलं, सगळ्यांवरचा कर शून्य झाला आणि भांडण मिटलं. दर शेजारी-शेजारी वेगळे ठेवले की त्या भिंतीवर भांडणं होणारच. भिंत दराने उभी केलेली असते. संकेतांक फक्त माल कुठे आहे ते दाखवतो.

तो कसा दाखवतो हे एकदा नीट पाहिलं, तर या पद्धतीला पसारा म्हणवणार नाही. रत्नागिरीचा हापूस परदेशी निघतो तेव्हा त्याचा आकडा असतो ०८०४ ५० २१. पहिले दोन अंक, ०८, हे खाण्याजोगी फळं आणि सुकामेवा यांचं प्रकरण. ०८०४ हे शीर्षक खजूर, अंजीर, अननस, अव्होकाडो, पेरू, आंबा आणि मँगोस्टीन यांचं. पुढच्या ५० ने त्यातले पेरू, आंबा आणि मँगोस्टीन वेगळे निघतात. इथपर्यंतचे सहा अंक लंडनच्या, दुबईच्या, टोकियोच्या कस्टम अधिकाऱ्याला तसेच वाचता येतात. शेवटचे दोन अंक भारताचे आहेत आणि त्यांचा अर्थ हापूस. केसर, लंगडा, तोतापुरी यांना त्याच रांगेत आपापले आकडे आहेत. भाषा बदलो, लिपी बदलो, बिलावर कुणी काहीही नाव लिहो, पेटीत काय आहे हे आठ अंकांत कळतं.

ब्रुसेल्समध्ये १४ जून १९८३ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून ही सुसंगत वर्गीकरण पद्धत, म्हणजेच ‘एचएसएन’मधली हार्मोनाइज्ड सिस्टिम, जन्माला आली आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तिचे २१ भाग आणि ९७ प्रकरणं आहेत, त्यातलं ७७वं भविष्यासाठी मोकळं ठेवलेलं. सहा अंकी गट पाच हजारांहून अधिक. दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात आणि जगातला सुमारे ९८ टक्के व्यापार तिच्या आकड्यांत नोंदला जातो.

भारताने या घडणीची सूची करार अमलात येण्याआधीच, फेब्रुवारी १९८६ मध्ये, स्वीकारली. त्याआधीचा इतिहास ‘सोपी पद्धत आणा’ म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावा, कारण सोपी पद्धत भारताने वापरून पाहिलेली आहे. उत्पादनशुल्काच्या जुन्या सूचीत मोजक्याच बाबी होत्या आणि १९७५ मध्ये तिच्या शेवटी ‘६८वी बाब’ जोडली गेली. इतरत्र न सांगितलेला सगळा माल त्या एका पोतडीत. त्याने वाद कमी झाले नाहीत. अमुक वस्तू आधीच्या बाबीत बसते की ६८व्या बाबीत, या एकाच प्रश्नावर न्यायालयांत खटल्यांचे ढीग साचले. नावं कमी, टिपा नाहीत, आणि निर्णय कशाच्या आधारे द्यायचा हे कुणालाच ठाऊक नाही, अशी ती स्थिती होती. सविस्तर सूची आणि लेखी नियम आले ते त्यातून बाहेर पडण्यासाठी.

हे लेखी नियम फक्त सहा आहेत. पहिला सगळ्यांत महत्त्वाचा: भाग आणि प्रकरणांची नावं केवळ सोयीसाठी, माल ठरतो तो शीर्षकातल्या शब्दांवरून आणि भागांच्या, प्रकरणांच्या टिपांवरून. दुसरा अपुऱ्या किंवा न जोडलेल्या मालाचा आणि मिश्रणांचा. तिसऱ्याप्रमाणे दोन शीर्षकं लागू होत असतील तर नेमकं वर्णन करणारं घ्यावं. तेही जमत नसेल तर वस्तूला तिचं मूळ स्वरूप कशाने मिळतं ते पाहावं. तेही ठरत नसेल तर आकड्यांच्या क्रमात शेवटी येणारं घ्यावं. उरलेले तीन नियम सर्वांत जवळच्या मालाचे, वेष्टणांचे आणि उपशीर्षकांचे. अधिकाऱ्याची मर्जी, व्यापाऱ्याची गरज, सरकारची तिजोरी यांतल्या कशालाच या सहा नियमांत जागा नाही. पसारा म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या पद्धतीत नागरिकाच्या बाजूने उभं राहणारं एवढं ठाम हत्यार आहे, आणि ते चालतं हे खोबरेल तेलाच्या खटल्याने दाखवून दिलं.

केरळात खोबरेल तेलात भाजी होते, महाराष्ट्रात ते डोक्याला लागतं. बाटलीतलं तेल तेच. खाद्यतेल म्हणून ते १५१३ मध्ये जातं, केसांचं तेल म्हणून ३३०५ मध्ये, आणि दोन्हींवरच्या करांत मोठं अंतर होतं. २००९ मध्ये महसूल खात्याने परिपत्रक काढून छोट्या, म्हणजे २०० मिलीलीटरपर्यंतच्या पॅकमधलं तेल केसांचं धरायला सांगितलं. तर्क असा, की एवढी छोटी बाटली स्वयंपाकाला कोण घेतं? ऐकायला पटण्यासारखा. पण दरसूचीत बाटलीचा आकार कुठेही लिहिलेला नाही! ३३व्या प्रकरणाची तिसरी टीप अशी, की माल त्या प्रकारच्या वापरासाठी किरकोळ विकला जातो तशा वेष्टणात असायला हवा. केसांसाठी म्हणून बाटलीवर काही सांगितलेलं नसेल तर केवळ छोटी आहे म्हणून ती केसतेलाची होत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं नाही. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी, जैसलमेरच्या बैठकीच्या तीन दिवस आधी, सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला: छोट्या पॅकमधलं शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेलच आहे, केसतेल ठरायला लेबलासह बाकीच्या अटी पुऱ्या व्हायला हव्यात.

त्याच आठवड्यात देश पॉपकॉर्नवर हसत होता. या निकालाकडे त्या मानाने फार थोड्यांनी पाहिलं, आणि हे खरंच वाईट झालं. कारण इथे परिपत्रक काढणारं खातं हरलं आणि जिंकली ती दरसूचीतली एक टीप. वर्गीकरणाची पद्धत नसती, नुसतं ‘तेल’ आणि ‘प्रसाधन’ एवढंच लिहिलेलं असतं, तर खात्याने ठरवलेली बाटलीची मापंच कायदा होऊन बसली असती. या खटल्यालाही पुन्हा तीच पुरवणी जोडायची: सप्टेंबर २०२५ मध्ये केसतेलही ५ टक्क्यांवर आलं आणि ज्या अंतरामुळे दीड दशक भांडण चाललं ते अंतरच गेलं.

मग दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणेल, झालं तर! तुम्हीच सांगता की दर एक केला की भांडण संपतं. सगळ्यावरच एक दर लावा आणि आकडे फेकून द्या.

पहिलं अर्धं वाक्य मान्य. दर जितके कमी तितकं बरं, आणि खाण्यापिण्याच्या पदार्थांवर तीन-तीन दर ठेवण्याला कधीच समर्थन नव्हतं. पण त्यातून दुसरं अर्धं वाक्य निघत नाही. सिंगापूरकडे पाहावं. तिथे मद्य, तंबाखू, मोटारी आणि पेट्रोलियम पदार्थ सोडले तर जवळपास कशावरही आयातशुल्क नाही. तरीही तिथे उतरणाऱ्या मालाचा परवाना आठ अंकी संकेतांकाशिवाय निघत नाही. हाँगकाँग तर खुलं बंदर. तिथल्या आयात-निर्यातीच्या घोषणापत्रातही आठ अंकी आकडा भरावा लागतो. शुल्क नसलेल्या बंदरांना हे आकडे कशाला हवेत? पेटीत काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय बंदी घालता येत नाही, परवाना देता येत नाही, रोगट रोपं अडवता येत नाहीत, कुठून काय किती आलं ते मोजता येत नाही. २०२२ च्या आवृत्तीत ड्रोनला ८८०६, ई-कचऱ्याला ८५४९ आणि ई-सिगारेटसारख्या नव्या निकोटिन-उत्पादनांना २४०४ अशी स्वतःची शीर्षकं मिळाली, ती करवसुली वाढावी म्हणून नव्हे. जगाला या वस्तूंची वाहतूक पाहायची आणि रोखायची होती, आणि आकडा नसल्यामुळे ती दिसतच नव्हती.

मुक्त व्यापार करारही याच आकड्यांवर उभे असतात. भारत-आसियान करारात माल त्या देशाचा ठरण्यासाठी सर्वसाधारण अट आहे ती ३५ टक्के स्थानिक मूल्याची आणि सहा अंकी उपशीर्षक बदलण्याची. म्हणजे कच्चा माल एका सहा अंकी गटात शिरला आणि तयार माल दुसऱ्या गटात बाहेर पडला, तर तिथे काही प्रक्रिया झाली असं मानायचं. आकडे काढून टाकले तर चीनमधली वस्तू व्हिएतनाममध्ये खोक्यात भरून सवलतीत भारतात उतरवणाऱ्याला कशाने अडवणार?

आकडा नसण्याची किंमत महाराष्ट्राने अलीकडेच मोजली. २० जुलै २०२३ रोजी केंद्राने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. बासमती वाचला, कारण त्याला दरसूचीत स्वतःची ओळ होती. आजऱ्याचा घनसाळ आणि मुळशीचा आंबेमोहोर, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण दोघेही ‘इतर’ या ओळीत. निर्यातबंदीच्या कागदावर घनसाळ आणि रेशनचा तांदूळ यांत काही फरक उरला नाही. उत्तरेतल्या काळानमक तांदळासाठी एप्रिल २०२४ मध्ये १,००० टनांची खास परवानगी काढावी लागली. हा सगळा खटाटोप टाळण्यासाठी मग २०२५ च्या वित्त कायद्याने मानांकन मिळालेल्या तांदळासाठी स्वतंत्र आठ अंकी ओळी तयार केल्या आणि १ मे २०२५ पासून त्या लागू झाल्या. पुढची बंदी आली तर तिच्या तडाख्यातून घनसाळला वगळणं आता एका ओळीचं काम आहे. ज्यांना हे आकडे निरर्थक वाटतात त्यांनी आजऱ्याला जाऊन तसं सांगून पाहावं.

सुपारीची गोष्ट याहून कडवट आहे, आणि ती पूर्ण सांगायला हवी, कारण ती वर्गीकरणाच्या कडव्या समर्थकालाही अडचणीत टाकते. श्रीवर्धनपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्याच्या फोंड्याकडे सुपारीच्या बागांवर हजारो घरं चालतात. आयात सुपारीवर ०८०२ ८० खाली १०० टक्के मूळ सीमाशुल्क आहे. शिवाय किमान आयात किंमत आहे. फेब्रुवारी २०२३ पासून किलोमागे ३५१ रुपये. ही तटबंदी ओलांडण्याचा मार्ग म्हणजे सुपारीला सुपारी न म्हणणं. २१०६ ९० ३० ही ओळ ‘सुपारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या’ तयार पदार्थाची आहे. सुपारी उकडायची, वाळवायची, चिरायची, थोडं मेण किंवा तेल लावायचं आणि हा तयार पदार्थ आहे असं सांगून त्या ओळीखाली आणायची, हा प्रयत्न वर्षानुवर्षं झाला.

इथे आठव्या प्रकरणाची तिसरी टीप आडवी येते. टिकाऊपणासाठी माफक उष्णता दिली, दिसायला बरं व्हावं म्हणून वनस्पती तेल लावलं, तरी सुकामेव्याचं स्वरूप कायम असेल तर माल आठव्याच प्रकरणात राहतो, असं ती सांगते. उकडलेल्या सुपारीचा प्रश्न त्या टिपेवर तुटतो. भारतातल्या एका बागायतदारानेही ती टीप लिहिलेली नाही. ती ब्रुसेल्सची आहे आणि तरी ती कोकणातल्या बागेचं रक्षण करते.

भाजलेल्या सुपारीचं मात्र उलट आहे. तेलात किंवा कोरडे भाजलेले दाणे २००८ मध्ये जातात आणि जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण-टिपांत तिथे सुपारीचं नावच घेतलेलं आहे. आयातदारांनी हा मुद्दा अग्रिम निर्णयात मांडला, तो मान्य झाला आणि मद्रास उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. कोकणच्या दृष्टीने हे दुखणारं आहे. पण निर्णय बरोबर होता. नियम आपल्या सोयीचा असेल तेव्हा पाळायचा आणि नसेल तेव्हा वाकवायचा, असं केलं तर उद्या खोबरेल तेलाची बाटलीही पुन्हा हातातून जाईल. शेतकऱ्याला वाचवण्याची जागा धोरणात आहे, आणि सरकारला ती अखेर सापडली: २०२५ मध्ये भाजलेल्या सुपारीलाही किमान आयात किमतीची अट लागली. हे काम दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं. इथे दोष द्यायचा तर तो त्या विलंबाला द्यावा.

मोटारींच्या बाबतीत तर पैशाचा आकडाच डोळे विस्फारणारा आहे. छत्रपती संभाजीनगर आणि चाकण इथे कारखाने असलेल्या फोक्सवॅगन समूहाला सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस आली. सीमाशुल्क खात्याचं म्हणणं, की कंपनीने जवळपास अख्ख्या गाड्याच वेगवेगळ्या खेपांत सुटे भाग म्हणून आणल्या. ३० ते ३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्के शुल्क भरलं. कंपनीला हे मान्य नाही आणि २०२५ च्या सुरुवातीला प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण यावर ‘स्क्रू आणि दरवाजे मोजणारे अधिकारी’ अशी जी टीका झाली ती अज्ञानातून आलेली आहे. दुसऱ्या नियमाचा पहिलाच भाग सांगतो, की न जोडलेल्या अवस्थेत आणलेली वस्तू ही पूर्ण वस्तूच. हे कलम नसेल तर कुठलाही देश मोटारीवर शुल्क लावू शकणार नाही, कारण कुणीही ती चाकं काढून पाठवेल. इतक्या वर्षांनी नोटीस का, हा कंपनीचा प्रश्न मात्र रास्त आहे.

अमेरिकेतही हे घडलं. तिथे परदेशी मालवाहू व्हॅनवर १९६० च्या दशकापासून २५ टक्के शुल्क होतं आणि प्रवासी गाडीवर अडीच टक्के. फोर्ड कंपनी तुर्कीहून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या आसनांसह आणायची, प्रवासी गाडी म्हणून सोडवायची आणि बंदरातून बाहेर पडताच आसनं काढून टाकायची. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला आणि मार्च २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. दहापट शुल्काची भिंत उभी केली की कंपन्या गाड्यांची आसनं घालतात आणि काढतात. तिथेही भिंत दराचीच होती.

उरला संगणकाचा मुद्दा. ‘कोड सॉफ्टवेअर शोधेल’ किंवा ‘ते आमचा सीएचए (सीमाशुल्क दलाल) बघतो’ ही वाक्यं महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत सर्रास ऐकू येतात. त्यांचा धोका मोठा आहे. नावावरून शोधलं तर पीनट बटर लोण्याच्या शीर्षकात जाईल; ते जातं २००८ मध्ये, शेंगदाण्याबरोबर. सोयादूध दुधात शोधाल, ते सापडेल २२०२ मध्ये, पेयांत. चाकणचा कारखानदार गाडीसाठी खास बनवलेले पोलादी बोल्ट मागवतो आणि बिलावर ‘मोटारीचे भाग’ म्हणून ८७०८ लिहितो. पण सतराव्या भागाची दुसरी टीप सांगते, की सर्वसाधारण वापराचे भाग तिथून वगळले आहेत. बोल्ट कुठल्याही गाडीचा असो, तो ७३१८ मध्येच. ही टीप शीर्षकापासून बरीच पानं आधी छापलेली असते. शब्द जुळवणारं यंत्र तिथपर्यंत पोचलं तर उत्तम; नाही पोचलं तर दंड यंत्राला होत नाही.

कारण २०११ पासून भारतात आयातदार स्वतःच आपल्या मालाचं शुल्कनिर्धारण करतो. बिल ऑफ एंट्रीवरचा, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रावरचा, आकडा हे त्याचं विधान असतं, दलालाचं नव्हे. चूक साधी असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि माहिती दडवल्याचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत मागची वसुली निघते. दडवणूक सिद्ध झाली तर शुल्काइतकाच दंडही. माल विकून पैसा वाटून झालेला असतो, ग्राहकाकडून तो परत मिळत नाही. पाच वर्षांच्या वसुलीने छोटा कारखाना बसतो. आणि यावरचा उपाय फार थोडे वापरतात. जानेवारी २०२१ पासून दिल्लीत आणि मुंबईत सीमाशुल्काची अग्रिम निर्णय प्राधिकरणं आहेत. माल आणण्याआधी अर्ज करायचा, कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत लेखी उत्तर मिळायला हवं, आणि ते उत्तर खात्यावर बंधनकारक.

टीकाकारांच्या पदरात एक गोष्ट निःसंकोच टाकायला हवी. ही पद्धत युरोपच्या कपाटातून निघालेली आहे आणि ते दिसतं. जगभर खाल्ला जाणारा आंबा सहा अंकांत अजून पेरू आणि मँगोस्टीनच्या शेजारी बसतो, तर सफरचंदाला स्वतःची जागा आहे. भारतातलं फरसाण ‘इतरत्र न सांगितलेले खाद्यपदार्थ’ या शेवटच्या ओळीत कोंबलेलं आहे. पण यावरचा मार्ग ब्रुसेल्सला हार्मोनाइज्ड सिस्टिम समितीत जाऊन मांडण्याचा आहे, जिथे भारताला बोलण्याचा आणि मत देण्याचा पूर्ण हक्क आहे. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे आणि तिच्याबरोबर देशाची आठ अंकी सूचीही नव्याने मांडावी लागेल. त्या ओळी दिल्लीत ठरतात. कोकणातल्या बागायतदार संघटनांनी, सांगलीच्या बेदाणा व्यापाऱ्यांनी, आजरा-मुळशीच्या उत्पादक गटांनी आपला माल आज कुठल्या ओळीत आहे ते आत्ताच तपासावं आणि तो ‘इतर’मध्ये असेल तर निर्यातीच्या आकड्यांसह वेगळी ओळ मागावी. हापूसला ती मिळाली आहे, मानांकित तांदळाला मिळाली आहे. आणि दरसूचीच्या टिपा, ज्यांच्यावर हे सगळं उभं आहे, त्या महाराष्ट्रातल्या व्यापारी मंडळांनी एव्हाना मराठीत छापून वाटायला हव्या होत्या.